इनाम दिले, ऋण फिटले काय?

जत्रा आटोपली की देवस्थानाची कार्यकारिणी हिशेबाला बसते. मांडव, रोषणाई, पालखीचे भोई, वाजंत्री, दारूकाम, महाप्रसादाचा शिधा अशा एकेका बाबीपुढे आकडा पडत जातो. शेवटी 'कुस्त्यांचे मैदान' या सदराखाली इनामांची एकूण रक्कम लिहिली जाते आणि वही मिटते. हिशेब बहुधा चोख असतो, त्याविषयी आमची तक्रार नाही. त्या वहीत जे कधीच लिहिले जात नाही, त्याविषयी मात्र आम्हांला स्पष्ट बोलावयाचे आहे. हौद्यात ज्याचा खांदा निखळला, तो मनुष्य पुढे कामाला लागला की घरी पडून राहिला? ज्याचे नाव फलकावर झळकताच दहा गावांची माणसे लोटली, तो चाळिशी उलटल्यावर कशावर जगतो? या प्रश्नांना वहीत रकाना नाही, आणि रकाना नाही म्हणून आमच्या मनातही जागा नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मल्लविद्या ही विद्या आहे यात शंका नाही, परंतु मैदाने मारीत फिरणाऱ्या मल्लासाठी ती उपजीविकाही आहे. उपजीविका म्हटली की तिला ठरलेला करार लागतो, इजा झाल्यास भरपाई लागते आणि शरीर थकल्यावरची तरतूद लागते. ही तरतूद पूर्वी राजेरजवाडे करीत. ते गेले. आज मैदान भरवतात ती गावोगावची देवस्थाने आणि त्यांच्या जत्रा समित्या. म्हणून राजाचा मान ज्यांनी घेतला, त्यांनी राजाचे कर्तव्यही शिरावर घेतले पाहिजे.

हे ऐकताच एक आक्षेप ठरल्याप्रमाणे पुढे येतो. मल्ल हा मारुतीचा उपासक. त्याने लंगोटाचे पावित्र्य राखावे, खुराकापुरते मिळेल त्यात संतोष मानावा. पैशाची भाषा सुरू झाली की विद्येचा बाजार होतो, असे सांगितले जाते. सांगणारे गृहस्थ बहुधा स्वतः सुस्थितीत असतात, ही गोष्ट आम्ही सोडून देतो. परंतु त्यांना आमचा साधा प्रश्न आहे. देवळात कीर्तन करणाऱ्या बुवांना आपण बिदागी देतो की नाही? अभिषेक सांगणाऱ्या पुरोहितास दक्षिणा देतो की नाही? बिदागीने कीर्तन बाटत नाही आणि दक्षिणेने मंत्र अशुद्ध होत नाही. मग इनामाला जोडून भविष्याची तरतूद केली तर मल्लविद्याच तेवढी कशी बाटते?

परंपरेचा दाखला हवा असेल तर तोही आमच्याच बाजूचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात 'मल्लविनोद' हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मल्लांची वयाप्रमाणे आणि बळाप्रमाणे प्रतवारी सांगितली आहे, त्यांच्या सरावाचे नियम आहेत आणि राजाने त्यांना कोणता आहार पुरवावा हेही नमूद आहे. विनोद राजाचा, म्हणून पोषणाचा भारही राजाचा, हा त्यातील सरळ हिशेब आहे. उत्तर गुजरातेतील मोढेऱ्याचे ज्येष्ठीमल्ल तर ब्राह्मण होते आणि कुस्ती हाच त्यांचा परंपरागत व्यवसाय होता. त्यांच्या ज्ञातीचे 'मल्लपुराण' वडोदऱ्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून १९६४ साली प्रसिद्ध झाले. श्रीकृष्णाकडून ही विद्या आपल्या पूर्वजांना लाभली अशी त्यातील धारणा आहे. ज्यांनी या विद्येला देवदत्त मानले, त्यांनीच तिच्यावर प्रपंच चालवला. साधना आणि चरितार्थ यांत वैर आहे, हा शोध त्यांना लागला नव्हता. तो आमच्या काळातील वर्गणीदारांना लागला आहे!

आता एका मोठ्या कारकिर्दीकडे पाहू, म्हणजे राजाश्रय काय होता आणि तो कोठे अपुरा पडला हे कळेल. गुलाम मोहम्मद बक्ष ऊर्फ गामा याचे नाव ठाऊक नाही अशी तालीम हिंदुस्थानात सापडणे कठीण. बाप अझीझ बक्ष हाही मल्लच होता. मुलगा लहान असतानाच तो वारला. ग्वाल्हेरपासून फार दूर नसलेल्या दतिया संस्थानाने पोराला हाताशी धरले. दहा वर्षांच्या वयात जोधपूरच्या बैठकांच्या स्पर्धेत तो जाणत्या मल्लांबरोबर अखेरपर्यंत टिकला, अशी त्याची पहिली ख्याती. १९०२ साली त्याने उचलली म्हणून दाखवली जाणारी सुमारे १,२०० किलो वजनाची शिळा वडोदऱ्याच्या संग्रहालयात आजही जपून ठेवलेली आहे.

१९१० साली गामा विलायतेस गेला. उंची कमी म्हणून तेथील स्पर्धेत त्याला घेईनात, तेव्हा त्याने उघड आव्हान दिले, अमेरिकेच्या रोलरला पाडले आणि १० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडच्या झिबिस्कोशी त्याची गाठ पडली. अडीच तासांहून अधिक काळ झिबिस्को जमिनीला चिकटून राहिला आणि कुस्ती निकाली होऊ शकली नाही. १७ सप्टेंबरला पुन्हा जोड ठरली, पण त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही; गामाला विजयी ठरवून 'जॉन बुल' पट्टा देण्यात आला. पुढे जानेवारी १९२८ मध्ये पतियाळास दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या गामाने त्याच झिबिस्कोला एका मिनिटाच्या आत चितपट केले.

यापुढचा भाग जत्रेच्या व्यासपीठावरून कोणी सांगत नाही. गामाचा सारा संसार दरबाराच्या मर्जीवर उभा होता. कागदावर हक्क म्हणून त्याच्या हाती फारसे काही नव्हते. १९४७ साली देशाची फाळणी झाली. पतियाळा सरहद्दीच्या या बाजूला राहिले, गामा लाहोरात राहिला. थोड्याच काळात संस्थाने विलीन झाली आणि आश्रयदात्यांचे अधिकारच संपले. ज्याला हार ठाऊक नव्हती, त्या पुरुषाचे अखेरचे दिवस दुखणे आणि पैशाची विवंचना यांत गेले. भारतातून घनश्यामदास बिर्ला यांनी त्याला मदत पाठवली, असे त्याचे चरित्रकार नमूद करतात. २३ मे १९६० रोजी लाहोरात तो वारला. दात्यांच्या औदार्याला आम्ही नमस्कार करतो. परंतु ज्याने उभ्या हिंदुस्थानाची मान उंच केली, त्याला म्हातारपणी कोणाच्या औदार्याची वाट पाहावी लागते हीच मुळी लाजेची गोष्ट आहे. त्याने उचललेल्या शिळेला पक्के छप्पर मिळाले. उचलणाऱ्याच्या वार्धक्याला ते मिळाले नाही.

गामा मुसलमान होता आणि त्याचे आश्रयदाते हिंदू व शीख होते. तांबड्या मातीने त्याला धर्म विचारला नाही. आमच्या जत्रांच्या मैदानांवरही तो विचारला जात नाही, हे आमच्या देवस्थानांचे भूषण आहे आणि ते तसेच राहिले पाहिजे. परंतु मातीने सर्वांना सारखे मानले, तसेच विस्मरणानेही सर्वांना सारखेच गिळले, हे मात्र भूषण नव्हे.

राजाश्रयाचा दोष असा की तो मर्जीवर अवलंबून असे. त्याचा गुण असा की त्यात मल्ल हा बारा महिन्यांचा मनुष्य मानला जाई. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरास खासबागेचे मैदान बांधले, ते १९१२ पासून उभे आहे. पण त्याचबरोबर तालमी पोसल्या, मल्लांना खुराक लावून दिले. त्यांना कुस्ती पाहावयाची होती आणि मल्ल जगवावयाचाही होता. आज आम्ही फक्त पहिली हौस उचलली आहे. दिवाळीनंतर मैदानांचा हंगाम सुरू होतो, चैत्र-वैशाखात तो भरास येतो आणि पावसाच्या तोंडाशी संपतो. तेवढ्या महिन्यांत बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यापासून खेडोपाडीच्या फडांपर्यंत आणि इंदुराकडील दंगलींपर्यंत मल्ल हिंडतो. उरलेल्या महिन्यांत दूध, तूप, बदाम आणि वस्तादाचा मान यांचा खर्च थांबत नाही, इनामे मात्र थांबतात. हा खर्च कोण सोसतो? त्याचा बाप सोसतो, जमीन विकून. भाऊ सोसतो, स्वतःचे शिक्षण सोडून. मैदानावर टाळ्या आमच्या, खर्च त्यांचा.

कायद्याच्या दृष्टीनेही या विषयाकडे पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ३० वे कलम पैजेचे करार निरर्थक ठरवते. त्याच कलमात एक अपवाद आहे: घोड्यांच्या शर्यतीत जिंकणाऱ्यास द्यावयाच्या ५०० रुपये किंवा अधिक किमतीच्या बक्षिसासाठी वर्गणी देण्याचा करार बेकायदा मानला जाणार नाही. कायदे करणाऱ्यांना घोडा आठवला. मल्लाला मात्र आपण जुगारी नव्हे, हे सिद्ध करण्यासाठी मुंबईच्या उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. १९३१ च्या निकालसंग्रहात तो खटला छापलेला आहे. बाबासाहेब रहिमसाहेब आणि राजाराम रघुनाथ आल्पे या दोन मल्लांनी पुण्यास कुस्ती करण्याचे ठरवले. ठरल्या दिवशी जो येणार नाही त्याने दुसऱ्यास ५०० रुपये द्यावेत आणि जो जिंकेल त्याला तिकिटांच्या उत्पन्नातून १,१२५ रुपये मिळावेत, अशा अटी होत्या. एक मल्ल आला नाही. दुसऱ्याने दावा केला. बचाव असा की हा सारा पैजेचा, म्हणजे जुगाराचा करार आहे. न्यायालयाने तो बचाव फेटाळला. कारण साधे आणि सुंदर आहे: कुस्तीच्या निकालावर या दोघांपैकी कोणीच स्वतःच्या खिशातून काही हरणार नव्हता, इनाम लोकांनी भरलेल्या पैशातून येणार होते.

या निकालाचा अर्थ जत्रा समित्यांनी नीट ध्यानी घ्यावा. मल्ल हा पैज मारणारा नव्हे. तो ठरल्या दिवशी, ठरल्या मोबदल्यासाठी आपले कसब लोकांपुढे मांडणारा व्यवसायी मनुष्य आहे, आणि त्याचा करार न्यायालयात टिकतो. हे तत्त्व प्रस्थापित होऊन नव्वदांहून अधिक वर्षे झाली. तरी आजही बहुसंख्य जोडी तोंडी ठरतात. कुस्ती बरोबरीत सुटली तर इनामाचे काय, पावसाने मैदान मोडले तर प्रवासखर्च कोणाचा, हाड मोडले तर दवाखान्याचे बिल कोण भरणार, यांतले काहीही लिहिलेले नसते. मांडववाल्याशी आम्ही लेखी बोलणे करतो, कारण तो कापडाचा तुकडा फाटला तरी भरपाई मागतो. मल्लाचा स्नायू फाटला तर मागण्यासाठी त्याच्याजवळ कागद नाही. गिरणीतील मजुराचा हात यंत्रात सापडला तर त्याला भरपाई मिळावी असा कायदा या देशात १९२३ सालीच झाला. मल्लाचे यंत्र म्हणजे त्याचेच शरीर. ते मोडले तर त्याला खोबऱ्याची वाटी आणि सहानुभूती!

'नूरा कुस्त्या' हा दुसरा आक्षेप. मल्ल आपसांत संगनमत करतात, खोटी झटापट करून वेळ काढतात, इनाम वाटून घेतात. असल्या लोकांसाठी निधी कशाला, असे विचारले जाते. नूरा हे पाप आहे आणि त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. जो भाविक उन्हात चार तास बसतो त्याची ती फसवणूक आहे. परंतु पापाचे मूळ न शोधता पाप्याला शिव्या देणे हा आळशाचा धर्म होय. ज्याला आज चैत्र शुद्धात एक, पुढच्या आठवड्यात दुसरे आणि नंतर तिसरे मैदान करावयाचे आहे, ज्याचा गुडघा आज गेला तर वर्षाची मिळकत गेली, आणि त्या मिळकतीखेरीज ज्याला दुसरा आधार नाही, त्याने समोरच्या मल्लाशी 'तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो' असे ठरवले तर त्यात लोभाइतकाच भयाचाही वाटा आहे. भय काढा, मग लोभाला खुशाल शिक्षा करा. इजेची भरपाई निश्चित आहे असा भरवसा असलेला मल्ल निकाली कुस्ती करण्यास अधिक धजेल. म्हणून आम्ही मागतो ती तरतूद हा नूरावरचा उताराच आहे.

तिसरा आक्षेप नोकरीचा. पैलवानाला पोलिसांत, सैन्यात, रेल्वेत जागा मिळतात, मग त्याची चिंता देवस्थानाने का करावी? या जागा गादीवरच्या पदकांना मिळतात. जत्रेच्या तांबड्या मातीत मारलेल्या मैदानांची नोंद कोणत्याही सरकारी अर्जात होत नाही. महाराष्ट्र शासन 'केसरी' किताबाच्या मानकऱ्यांना मानधन देते, ते योग्यच आहे. २०२३ साली पुण्यास महाराष्ट्र केसरीच्या विजेत्याला ५ लक्ष रुपये आणि चारचाकी गाडी मिळाली, तेही आनंदाचे. पण एका केसरीच्या मागे शेकडो मल्ल मातीत घाम गाळतात, तेव्हा कोठे एक केसरी उभा राहतो. आणि शिखरावरच्यांची तरी कथा काय? कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांना स्वतःचे घर ७,००० रुपयांस गहाण टाकावे लागले. परत आल्यावर गावकऱ्यांनी बैलगाड्यांची मिरवणूक काढली. १९८४ साली अपघातात त्यांचा अंत झाला आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर दीड दशक उलटल्यावर. मिरवणूक काढण्यात आम्ही कधी मागे पडलो नाही. मागे पडलो ते मिरवणुकीच्या आधी आणि नंतर.

शेवटचा आक्षेप धार्मिक भासतो, म्हणून तो अधिक काळजीने तपासला पाहिजे. देवाचा पैसा मल्लांच्या म्हातारपणासाठी कसा वापरावा? कायद्याने देवता ही मालमत्ता धारण करणारी व्यक्ती मानली आहे आणि विश्वस्त हे तिचे कारभारी आहेत. तिच्या मालमत्तेला धक्का लावा असे आम्ही म्हणतच नाही. जत्रेच्या मैदानासाठी वर्गणी वेगळी जमते, देणगीदार इनामे वेगळी जाहीर करतात. त्या रकमेचा देवाच्या दागिन्यांशी वा जमिनीशी संबंध नाही. आणि धर्मादायाचे काय म्हणता? महाराष्ट्रातील १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यात दारिद्र्य वा संकट यांचे निवारण आणि वैद्यकीय साहाय्य हे धर्मादाय हेतूंत नावानिशी गणले आहेत. गोमंतकात १९३३ च्या नियमनाखाली कारभार पाहणारे महाजन असोत, की कर्नाटकातील आणि मध्य प्रदेशातील विश्वस्त असोत, आपापल्या कायद्याच्या चौकटीत असा स्वतंत्र निधी कसा उभारावा हे त्यांनी कायद्याच्या जाणकारास विचारावे. इच्छा असेल तर मार्ग निघेल. इच्छा नसेल तर कायद्याची ढाल पुढे करू नये. इनाम देताना जो पैसा देवाचा नव्हता, तो औषधाला मागताच देवाचा कसा होतो?

गोमंतकातील आमचे वाचक म्हणतील, आमच्या जत्रेत नाटके रंगतात. हा प्रश्न घाटावरचा. नव्हे. नटाच्या जागी मल्ल वाचा, मल्लाच्या जागी वाजंत्री वाचा. देवापुढे आपले अंग झिजवणारा जो जो कलावंत वर्षातून एक रात्र आपला आणि उरलेले वर्षभर कोणाचाच नसतो, त्याचा हा प्रश्न आहे. मल्लाचे उदाहरण आम्ही घेतले ते अशासाठी की त्याचे भांडवल सर्वांत लवकर संपते. गवयाचा गळा साठीतही साथ देतो. मल्लाची कंबर पस्तिशीत उत्तर देऊ लागते.

तेव्हा आमच्या मागण्या या आहेत. जोड ठरताच देवस्थानाने एका पानाचा करार लिहावा. त्यात इनाम, बरोबरीची वाटणी, प्रवासखर्च आणि इजेची जबाबदारी स्पष्ट असावी. मैदानावर डॉक्टर हजर असावा आणि लढणाऱ्या प्रत्येक मल्लाचा, नारळावर लढणाऱ्या पोरासकट, त्या दिवसाचा अपघात विमा उतरवावा. इनामांच्या वर्गणीतून शेकडा दहा बाजूला काढून मल्ल निधी स्थापावा, आणि शक्य तेथे पंचक्रोशीतील देवस्थानांनी मिळून एकच निधी चालवावा. त्यातून प्रथम जायबंदी मल्लास आणि मग वृद्ध मल्लास साहाय्य व्हावे. त्याचा जमाखर्च जत्रेच्या दिवशी, कुस्त्या सुरू होण्यापूर्वी, हौद्याशेजारी मोठ्याने वाचून दाखवावा. आणि सिद्ध झालेल्या नूरा कुस्तीस इनाम तर नाहीच, निधीचे साहाय्यही मिळू नये. हक्काबरोबर दंडही हवा. आम्ही एकाच पक्षाचे वकील नाही.

शेकडा दहा काढल्याने इनामे लहान होतील, अशी भीती काही मल्लांनाही वाटेल. त्यांनी आपल्या तालमीतील जुन्या वस्तादाकडे एकवार पाहावे, म्हणजे त्यांची समजूत आमच्याहून तोच अधिक चांगली घालील. आणि विश्वस्तांना आमचे सांगणे एवढेच. मारुतीच्या मूर्तीला शेंदूर लावताना आपण त्याचे बळ वंदितो. ते बळ ज्या मर्त्य देहांतून आमच्या डोळ्यांपुढे येते, ते देह मोडतात, थकतात, उपाशी राहतात. यंदाच्या जत्रेची पत्रिका छापावयास जाण्यापूर्वी समितीच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. ठराव नामंजूर झाला तर होवो. पण नामंजूर करणाऱ्यांची नावे आणि कारणे त्याच वहीत लिहून ठेवावीत, म्हणजे पुढच्या पिढीला तिच्या वाडवडिलांचा हिशेब पुरा सापडेल.